बर्फाची वर्गणी

बँकेच्या कॅश काउंटरवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी पैसे मोजायला देत नाही. घरात देत नाहीत, कारण घरात मोजण्याइतके नसतात. आणि बाहेर देत नाहीत, कारण हल्ली भाजीवालीसुद्धा फोनवरचा चौकोन पुढं करते आणि टुंग वाजलं की झालं. त्यामुळं गेल्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या एका थंडगार हॉलमध्ये लेकीनं माझ्यापुढं पत्र्याची पेटी ठेवली आणि "बाबा, आज गल्ल्यावर तुम्ही बसायचं," असं म्हणाली, तेव्हा दोन स्वेटर आणि एक कोट यांच्या आत माझ्या अंगावर शहारा आला. थंडीचा नव्हता.

पेटी उघडली. आत एकाच्या, पाचाच्या, दहाच्या नोटा एकमेकींत शिरलेल्या. काहींची तोंडं वर, काहींची खाली. आधी मी सगळ्यांना एका दिशेला बघायला लावलं. त्या देशाच्या नोटांचं एक वाईट आहे. एकाची असो की शंभराची, आकार तोच आणि रंगही लांबून तोच. असल्या नोटांवर तिकडचे कॅशियर आयुष्य काढतात आणि वेडे होत नाहीत, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ही पेटी लेकीकडं कशी आली, तर आपल्याकडं येते तशीच. माझ्या नातवाच्या वर्गातला एक मुलगा, शेजारच्याच घरातला, वय वर्षं नऊ, जन्मापासून पाठीच्या कण्याच्या दोषामुळं व्हीलचेअरवर. तो बर्फावर बसून हॉकी खेळतो. एकदा त्याचा खेळ बघायला म्हणून लेक गेली, खेळानंतर क्लबाची बैठक होती, बाहेर हिमवादळ सुरू झालं म्हणून ती कॉफी प्यायला थांबली. बैठकीला जो चहाला थांबतो तो खजिनदार होतो, हा नियम सांगलीत आहे तसा मिनियापोलिसपासून तासाभरावरच्या त्या गावातही आहे.

वर्गणीशी माझं नातं जुनं. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा मी सलग अकरा वर्षं खजिनदार होतो. पावतीपुस्तकावर गजाननाचं चित्र, खाली बारीक अक्षरात 'स्वखुशीने दिलेली वर्गणी साभार पोचली'. ही स्वखुशी गोळा करायला आम्ही बारा जण जायचो. दारात बारा जण उभे राहिले की माणूस खूश होतोच. "काका, गेल्या वर्षी एकावन्न होते," एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यात सगळी कला. काका आत जायचे, आतून काकूंचा आवाज यायचा, मग काका एकवीस घेऊन बाहेर यायचे आणि आम्ही एकतीसवर तडजोड करायचो. या व्यवहारात देणाऱ्याला आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. पण मांडव दरवर्षी उभा राहायचा.

म्हणून क्लबाला पैसे कमी पडताहेत असं कळल्यावर मी लेकीला अनुभवाचा सल्ला दिला. "गावात घरं किती? दोन रविवारांत होऊन जाईल."

"बाबा, इथं दारात जाऊन असं उभं नाही राहत."

"मग?"

"इथं काहीतरी विकतात."

"आणि पैसे हवेत कशाला?"

"बर्फ विकत घ्यायला," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. उणे बावीस. अंगणात कमरेएवढा बर्फ, रस्त्याच्या कडेला डोक्याएवढा बर्फ, कोपऱ्यावरचं तळं इतकं गोठलेलं की त्यावर लोक मोटारी नेऊन उभ्या करतात आणि भोक पाडून मासे धरत बसतात. मोटारींच्या नंबरपाट्यांवर छापलेलं की या राज्यात दहा हजार तळी आहेत. त्या दहा हजार तळ्यांच्या मधोमध बसून ही मंडळी तासाला दोन-अडीचशे डॉलर मोजून बर्फ भाड्यानं घेतात! समुद्रात बसून मिठाची पुडी विकत घेणारा माणूस मी पाहिला नव्हता, तो असा पाहिला.

पुढं कळलं की त्यात अर्थ आहे. तळ्याचा बर्फ खडबडीत, त्याला भेगा. तिथवर व्हीलचेअर न्यायची कशी? आणि ज्याच्या पायांना संवेदनाच नाही, त्याला थंडीनं पाय जळायला लागला तरी कळत नाही. पाय हिमदंशानं गेला तर दुपारी घरी मोजे काढल्यावर समजायचं. म्हणून छपराखालचा, यंत्रानं आरशासारखा केलेला बर्फ. ते यंत्र म्हणजे झँबोनी, खरवडत-धूत-गरम पाणी पसरत जाणारी ती बैलगाडीच्या चालीची मोटार. फ्रँक झँबोनी नावाच्या माणसानं ती 1949 साली बनवली आणि तीही कॅलिफोर्नियात, जिथं बर्फ शीतपेटीतच सापडतो. पहिल्या दिवशी मी खेळ कमी आणि ते यंत्रच जास्त पाहिलं. शेणानं अंगण सारवणारी माझी आजी इतक्याच संथपणे, इतक्याच समाधानानं कोपरे घ्यायची.

खेळ असा आहे. एक अरुंद सांगाडा, त्यावर प्लॅस्टिकची बैठक. तिला ते 'बकेट' म्हणतात, म्हणजे आपली बादली. बादलीत बसायचं, पाय समोर लांब करून पट्ट्यांनी बांधायचे. बैठकीखाली स्केटची दोन पाती. दोन्ही हातांत एकेक आखूड काठी. काठीच्या एका टोकाला हॉकीचं पातं, दुसऱ्या टोकाला लोखंडी दाते. दाते बर्फात रोवायचे आणि स्वतःला पुढं लोटायचं, चेंडूपाशी पोचलं की काठी फिरवून मारायचं. चेंडू म्हटलं खरं, पण तो चेंडू नसून काळी रबरी चकती असते, पक. सांगाडा जमिनीपासून इतकाच उंच ठेवलेला की पक त्याच्याखालून निघून जाईल. म्हणजे वल्हवायचंही हातांनीच आणि मारायचंही हातांनीच. वल्हवताना मारता येत नाही, मारताना वल्हवता येत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन डाव. कॅरमच्या सोंगट्यांमध्ये जीव आला, त्यांना राग आला आणि त्या स्ट्रायकरची वाट न बघता एकमेकींवर धावून गेल्या, तर जे होईल ते बर्फावर चाललेलं असतं. समोरच्याला सांगाड्याच्या नाकानं आडवी धडक देणं तेवढं नियमबाह्य. बाकी धडका चालतात, आणि चालतात म्हणजे चांगल्याच चालतात. पहिल्या धडकेला मी उभा राहून "अरे अरे!" म्हणालो. शेजारी त्या नऊ वर्षांच्या मुलाची आई बसली होती. ती शांतपणे विणत होती.

या खेळाचा जन्म मात्र तळ्यावरच झाला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममधल्या एका पुनर्वसन केंद्रातल्या काही जणांनी ठरवलं, पाय गेले म्हणून हॉकी का सोडायची? त्यांनी लोखंडी सांगाड्याला स्केटची पाती ठोकली, काठ्यांना सायकलच्या मुठी लावल्या आणि शहराच्या दक्षिणेकडच्या गोठलेल्या तळ्यावर उतरले. 1969 पर्यंत स्टॉकहोममध्ये पाच संघांची लीग झाली होती, त्यांत धडधाकट खेळाडूही होते. त्याच वर्षी ऑस्लोच्या संघाशी त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये शिरायला खेळाला 1994 साल उजाडलं, आणि त्या लिलेहामरच्या स्पर्धेत सोनं स्वीडननंच नेलं. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं खेळाचं नाव बदलून 'पॅरा आइस हॉकी' केलं. आमच्या क्लबात कुणाला त्याचं काही नाही, ते आपले 'स्लेड'च म्हणतात. गल्लीचं नाव महापालिकेनं बदललं म्हणून कुणी पत्ता बदलून सांगतं का?

तर विकण्याबद्दल. मी हिशेबाच्या वहीत नोंदी करत गेलो तसतसा हा प्रकार माझ्या ध्यानात आला, आणि मी थक्क झालो. रविवारी सकाळी पॅनकेकची न्याहारी, माणशी आठ डॉलर. एका शनिवारी स्पॅगेटीचं जेवण. चिठ्ठ्यांची सोडत, तिला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात. जमलेल्या रकमेतली अर्धी क्लबाची, अर्धी ज्याची चिठ्ठी निघेल त्याची. वर्गणीतली अर्धी काकांना परत मिळेल असं आम्ही जाहीर केलं असतं तर काकूंनी काकांना आत बोलावलं असतं का, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. शिवाय बहुतेक वेळा निकाल लागला की जिंकणारा उठतो, खोकतो, इकडंतिकडं बघतो आणि आपला अर्धाही पेटीत टाकतो. टाकताना चेहरा असा, जणू त्याच्या हातून काही सांडलं.

पण सगळ्यांत मोठा धक्का मटणाच्या सोडतीचा. 'मीट रॅफल' हे मिनेसोटाचं खास दैवत. ती दारूच्या गुत्त्यात भरते, नाहीतर माजी सैनिकांच्या क्लबात. आमची सैनिकांच्या क्लबात होती. टेबलावर थर्मोकोलच्या बशांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मांस रचलेलं: डुकराच्या पट्ट्या, कोंबडीच्या तंगड्या, बैलाचे जाडजूड तुकडे. एक-एक डॉलर देऊन आकडा घ्यायचा, भिंतीवरचं चक्र फिरायचं, ज्याचा आकडा आला त्यानं उठून हवी ती बशी उचलायची. पंढरपुरी बाण्याच्या माझ्या आईनं हे दृश्य पाहिलं असतं तर तिथल्या तिथं तुळशीची माळ ओढली असती. मी मात्र चक्र फिरायला लागलं की श्वास रोखून धरत होतो. पंचवीस वेळा चक्र फिरलं, पंचवीस बशा गेल्या. सत्तरी ओलांडलेली एक बाई दोन वेळा जिंकली आणि दोन्ही वेळा बशी छातीशी धरून जागेवर गेली, नातवंडाला न्यावं तशी. त्याच क्लबात, त्याच कारणासाठी, 'पुल-टॅब' नावाच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्याही मिळतात; झाकण ओढायचं आणि आत नशीब बघायचं. त्या राज्यात असा जुगार कायद्यानं धर्मादाय संस्थांनाच चालवता येतो आणि कितीतरी गावांत पोरांची हॉकी त्यावर चालते. मिनियापोलिसच्या मोठ्या फुटबॉल स्टेडियमसाठी राज्याच्या वाट्याचे पैसे असल्याच इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्यांच्या करातून उभारायचे, असं 2012 साली ठरलं होतं. जुगारानं घरं बसलेली ऐकली होती. उभी राहिलेली वास्तू पहिल्यांदा ऐकली.

तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक शब्द घोळायला लागला, 'निमित्त'. डॉलर देणाऱ्याला वाटत असतं, आपण कोंबडीसाठी आकडा घेतला. क्लबाला वाटत असतं, आपण कोंबडी विकली. दोघंही डोळ्याला डोळा देऊन हसतात. मधल्यामध्ये दया नावाची पाहुणी दारातच ताटकळत राहते, तिला कुणी आत या म्हणत नाही. आपल्याकडं अपंग मुलांसाठी मदत मागायची तर आधी त्या मुलांना व्यासपीठावर आणतात, मग निवेदक आवाज जड करतो, मग 'यांच्या डोळ्यांतले अश्रू' वगैरे येतात. मुलाच्या डोळ्यांत कधी अश्रू नसतात, उकाड्यानं आलेला घाम असतो. अशा दोन समारंभांत मी स्वतः चेक दिला आहे, आणि घरी येताना मला उगाचच आपण चांगले आहोत असं वाटलं आहे. डुकराच्या पट्ट्यांच्या बशीकडं बघताना तसं वाटायची काही सोय नव्हती.

त्या सैनिकांच्या क्लबात माझ्या टेबलावर एक उमदा माणूस होता, डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. तो आमच्या क्लबाच्या मोठ्यांच्या संघात खेळतो. अमेरिकेतल्या स्लेड हॉकीत असे युद्धावरून परतलेले पुष्कळ. 2014 च्या सोची पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं रशियाला एकच गोल मारून हरवलं. तो मारणारा जॉश स्वीनी मरीन दलात होता आणि अफगाणिस्तानात त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याच्याकडून हे ऐकून मला आमच्या जिल्ह्याची आठवण आली नसती तरच नवल. मी त्या माणसाला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. आमच्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे, लष्करात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. मग पोहायला लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सोनं, विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "शेहेचाळीस वर्षं? टपाल बोटीनं आलं का?" मी आमच्या टपाल खात्याची बाजू घेतली, पण जोर नव्हता.

बेक सेलचा प्रसंग मात्र आमच्या घराच्या इज्जतीचा होता. प्रत्येक घरानं काहीतरी भाजून आणायचं, ते टेबलावर मांडून विकायचं. बाकीच्यांनी केक, पाय, चॉकलेटचे तुकडे वगैरे आणले. लेकीनं नानकटाई केली. दीडशे. रात्री एकपर्यंत आम्ही दोघं वेलदोडे सोलत होतो आणि मी तिला सांगत होतो, की असल्या लोकांना वेलदोड्याचा वास सोसवणार नाही, पन्नास पुरेत. सकाळी टेबलापाशी पहिली आली ती काठी टेकत एक पांढऱ्या केसांची आजी. तिनं एक नानकटाई उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. तिची आजी स्वीडनहून आली होती आणि नाताळात पावात वेलदोडा घालायची म्हणे. मला ठाऊक नव्हतं, पण स्वीडन-नॉर्वेकडच्या घरांत बेकिंगला वेलदोडा लागतोच, आणि मिनेसोटा अशा घरांनी भरलेलं आहे. आमची नानकटाई पाऊण तासात संपली. खेळ स्वीडनचा, वेलदोडा आपला, आणि हे दोघं भेटले ते मिनेसोटातल्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर. जावई म्हणाले, "बाबा, पुढच्या वर्षी चारशे." लेकीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की तो विषय तिथंच संपला.

मुक्या लिलावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो बघून माझा माणसाच्या सभ्यतेवरचा विश्वास जरा हलला. आपला लिलाव बोलका असतो, 'एक वार, दोन वार' ओरडून. हा मुका. वस्तू टेबलावर, शेजारी कागद आणि पेन्सिल. नाव लिहायचं, आकडा लिहायचा, पुढं जायचं. संध्याकाळी ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू. तिकडची माणसं फार नम्र. दारात एकमेकांना आधी जाऊ देण्यात पाच मिनिटं घालवतात. तीच माणसं एका हातशिवणीच्या गोधडीभोवती हात मागं बांधून, छताकडं बघत, शीळ घालत फेऱ्या मारत होती. शेजाऱ्याची पाठ वळली की झडप घालून पाच डॉलर वाढवायची आणि पुन्हा छत. शेवटच्या मिनिटाला दोन पाद्रीसारखे दिसणारे गृहस्थ एकाच पेन्सिलीला धरून उभे होते, दोघंही "नाही नाही, आधी तुम्ही" म्हणत, आणि दोघंही सोडत नव्हते.

आता मोठा दिवस. वर्षातून एकदा गावच्या अग्निशमन दलाशी आमच्या क्लबाचा सामना असतो, दलाच्या जवानांनी बादल्यांत बसून खेळायचं. गाव लोटतं. मला गल्ला, आणि गल्ल्याबरोबर एक जुनी सवय. पैसे घेतले आणि पावती दिली नाही असं माझ्या हातून होत नाही. आदल्या रात्री मी नातवाकडून कॉम्प्युटरवर पावत्या छापून घेतल्या होत्या, अनुक्रमांकासह, नाव-रक्कम-सहीची रेघ, आणि खाली मराठीत 'स्वखुशीने'. नातवानं विचारलं, हे काय? म्हटलं, शिक्का समज. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या टेबलासमोर रांग दारापर्यंत गेली, कारण मी प्रत्येकाला नावाचं स्पेलिंग विचारत होतो. क्लबाच्या अध्यक्षीणबाई आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून फार गोड हसल्या आणि म्हणाल्या की पावती किती सुंदर आहे. तिकडं असं म्हणाले की समजायचं, पुरे करा. मी वेग वाढवला, पण पावती सोडली नाही.

जवान बर्फावर उतरले. ते सहा-सहा फुटी गडी, आगीत शिरणारे, शिड्या चढणारे. पहिल्या शिट्टीला त्यांतले चौघं एकदम आडवे झाले. पुढं जाण्याआधी तोल सांभाळायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते उलटलेल्या झुरळांसारखे हात हलवत होते. तोवर आमच्या नऊ वर्षांच्या शेजाऱ्यानं त्यांच्या मधून, अक्षरशः एकाच्या काखेखालून, जाऊन गोल टाकलेला. प्रेक्षक हसून लोळत होते. हसण्यात कुठंही 'बिचारे' नव्हतं, आणि असलंच तर ते अग्निशमन दलासाठी. जिला स्वतःला ढकलण्याइतकी हातांत ताकद नाही अशी एक मुलगीही खेळत होती, तिच्या सांगाड्याला मागून दांडा लावून एक स्केटिंग करणारा स्वयंसेवक ढकलत होता. डोकं आणि हुकूम तिचे, पाय त्याचे. ती त्याला इतक्या कडक शब्दांत रागवत होती की मला आमचे ब्रँच मॅनेजर आठवले.

मध्यंतरात 'चक-अ-पक' झालं. प्रेक्षकांनी नंबर घातलेल्या चकत्या विकत घ्यायच्या आणि बसल्या जागेवरून बर्फावर फेकायच्या. मधल्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ जाईल तो जिंकला. मी कॅरममध्ये तालुक्याला तिसरा आलेला माणूस. दोन डॉलरला तीन चकत्या घेतल्या, कोन पाहिला, समोरच्या कुंपणावर आपटून उलटी आणायचं मनात धरलं. तिन्ही गोलरक्षकाला लागल्या.

आणि मग तो मुलगा माझ्यापाशी आला. माझ्या नातवानं त्याला एक शब्द शिकवलाय. "आजोब्बा, तुझी पाळी." सामन्यानंतर ज्याला हवं त्याला बादलीत बसून बघता येतं. मी वयाचं कारण सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "गुडघा लागत नाही." यावर उत्तर नव्हतं. या मुलानं मला फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या डेक्लन फार्मरची गोष्ट निदान सहा वेळा सांगितली होती. 2018 च्या पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध चाळीस सेकंदांहून कमी उरलेले असताना त्यानं बरोबरी केली आणि जादा वेळेत दुसरा गोल मारून सोनं नेलं. दर खेपेला ते उरलेले सेकंद कमी कमी होत गेले होते. सहाव्या खेपेला चार उरले. ज्याला एवढा विश्वास आहे त्याला नाही कसं म्हणायचं?

मला बसवलं, बांधलं, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं. बादलीत बसल्यावर जग फार उंच होतं. कुंपण डोक्यावर, माणसं कंबरेपर्यंत. मी दोन्ही काठ्या रोवल्या, जोर लावला, सांगाडा हात-दीड हात गेला, आणि मग छत दिसलं. उजवी बाजू बर्फाला, शिरस्त्राण डोळ्यांवर. मी वाट बघत राहिलो. आपल्याकडं सायकलवरून पडलं तरी चार जण धावतात, एक पाणी आणतो, एक गाडीवाल्याला मारायला जातो. इथं कुणी हललं नाही. तो मुलगा सांगाडा वळवून माझ्या नाकासमोर येऊन थांबला आणि बघत राहिला.

"उचल ना," मी मराठीत म्हणालो.

"काठी टेक," तो इंग्रजीत म्हणाला. "खांद्याजवळ. आता ढकल."

ढकललं. पडलो. पुन्हा ढकललं. माझ्या आजूबाजूला तीन जवान असेच पडलेले होते, त्यांच्याशी नजरानजर झाली, आम्ही एकमेकांना मान लववली. पाचव्या की सहाव्या खेपेला मी सरळ झालो. कुंपणालगतची पोरं काठ्या बर्फावर आपटायला लागली, ती तिकडची टाळी. मी बारा फूट गेलो. मी मोजले.

बाहेर आलो तेव्हा पँट मागून ओली, तळहात लाल. माझ्या टेबलावर आता लेक बसली होती. मी खुर्ची मागायला गेलो तर तिनं मान वर न करता हात पुढं केला.

"पाच डॉलर, बाबा. बसून बघणाऱ्यांना पाच आहेत."

"सुटे नाहीत."

"पेटीत आहेत. तुम्हीच लावून ठेवलेत."

मी मागं बघितलं. रांगेत बारा जण उभे होते, गप्प. खिशातून दहाची नोट काढून दिली. तिनं पाच परत केले, नोटेचं तोंड बरोबर वर ठेवून, आणि पावती फाडली. अनुक्रमांक एकशे सत्तेचाळीस. नावापुढं 'बाबा'. खाली 'स्वखुशीने' छापलेलं होतंच.